हलक्या मुठीचें गांव

कांहीं गांवें आपणांस त्यांच्या देवळांमुळें ठाऊक असतात, कांहीं बाजारपेठांमुळें, तर कांहीं तेथें झालेल्या लढायांमुळें. परंतु काठीनें चेंडू मारण्याच्या एका खेळामुळें एखादें गांव जगभर ठाऊक व्हावें, आणि त्या खेळाच्या भक्तांनीं तेथें यात्रेकरूंच्या श्रद्धेनें यावें, असें उदाहरण विरळाच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज हें तसें गांव आहे. गोल्फ हा आमच्या बहुतेक वाचकांचा विषय नव्हे, हें आम्ही जाणतों; तो आमचाही नव्हता. साठी उलटेपर्यंत गोल्फची काठी आम्हीं कधीं हातांत धरली नव्हती. तरीही त्या गांवीं घालविलेल्या आठ दिवसांत, मूठ किती आवळावी, या एका अगदीं लहानशा प्रश्नानें आमचें मन असें कांहीं व्यापलें कीं, त्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

आम्ही उभयतां तेथें गेलों, तें खेळ पाहण्यासाठीं नव्हे. आमची धाकटी कन्या तेथील विद्यापीठांत संशोधन करीत होती. हें विद्यापीठ १४१३ सालचें. म्हणजे सहाशें वर्षांहून जुनें. तिचा प्रबंध पुरा झाला होता, आणि आतां ती परत येईल अशी आमची समजूत होती. तों तिचा निरोप आला कीं, तेथेंच आणखी तीन वर्षें काम करण्याविषयीं तिला विचारणा झाली आहे व ती विचार करीत आहे. 'विचार करीत आहे' या शब्दांचा अर्थ आईबापांस निराळा सांगावा लागत नाहीं. मुलीला समजावून बरोबरच घेऊन यावें, अशा हेतूनें आम्हीं प्रवासाची तयारी केली. विमानांत बसल्या बसल्या तिला सांगावयाचे मुद्दे आम्हीं एका वहींत क्रमवार लिहून काढले; ते एकंदर अकरा झाले. पस्तीस वर्षें हिशेबतपासणीच्या कचेरींत घालविलेल्या मनुष्यास याहून निराळी रीत सुचणार तरी कोठून!

एडिंबरोहून आगगाडी सुटली म्हणजे थोड्याच वेळांत फोर्थच्या खाडीवरील प्रसिद्ध पूल लागतो. १८९० सालीं खुला झालेला हा पोलादी पूल तीन प्रचंड सांगाड्यांवर उभा आहे, आणि त्याच्या तांबड्या तुळयांच्या जाळीतून खालचें पाणी तुकड्यातुकड्यांनीं दिसत जातें. पूल संपला कीं फाइफ प्रांत लागतो. सेंट अँड्र्यूजला आज स्वतःचें स्टेशन नाहीं. होतें तें १९६९ सालीं बंद झालें. म्हणून लूकर्स येथें उतरून पुढचा थोडा रस्ता बसनें जावें लागतें. बस गांवाजवळ येते तेव्हां डाव्या हातास एक विस्तीर्ण हिरवें माळरान, त्यापलीकडे वाळूची पुळण आणि त्याहीपलीकडे करड्या रंगाचा उत्तर समुद्र दिसूं लागतो. समोर जुन्या कॅथीड्रलचे भग्न मनोरे. कन्या बसथांब्यावर उभी होती. तिच्या आईनें तिला पोटाशीं धरलें. आम्हीं तिची बॅग तिच्या हातून काढून घेतली. ती रिकामीच होती, हें मागाहून कळलें.

तें हिरवें माळरान हेंच त्या गांवाचें दैवत. समुद्रकांठची पुळण आणि आंतील शेतजमीन यांच्यामधील जी वालुकामय, उंचसखल, नांगरास निरुपयोगी जमीन, तिला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. खाऱ्या वाऱ्यांत तेथें पीक येत नाहीं. आंखूड, चिवट गवत मात्र दाट उगवतें. मेंढ्या आणि ससे तें कुरतडून गालिच्यासारखें ठेवीत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनीं उकरलेल्या खळग्यांतूनच पुढें 'बंकर' नांवाचे वाळूचे खड्डे झाले, असें तेथें सांगतात. म्हणजे हें मैदान मुळांत कोणीं कागदावर आंखलेलें नव्हे. निसर्गानें टाकून दिलेल्या जागेचा मनुष्यानें खेळ केला.

आणि तो किती जुना! १४५७ सालीं राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटनें गोल्फवर बंदी घातली होती. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या नादीं लागले, हें त्याचें कारण. बंदी अर्थातच टिकली नाहीं. १५५२ सालीं आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेंत, माळावर ससे पाळण्याचा हक्क आर्चबिशपांचा आणि खेळण्याचा हक्क गांवकऱ्यांचा, अशी वांटणी लिहून ठेवलेली आहे. पुढें १७९७ सालीं कर्जबाजारी झालेल्या नगरसभेनें हा माळ विकला; सशांचे व्यापारी आणि खेळाडू यांच्यांत तंटे व कज्जे झाले; १८२१ सालीं एका गोल्फप्रेमी जमीनदारानें तो विकत घेऊन खेळ वांचविला, आणि १८९४ सालीं तो पुन्हां गांवाच्या मालकीचा झाला. १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ त्याची व्यवस्था पाहतें. जगांत सर्वत्र गोल्फच्या मैदानावर अठराच भोंकें कां, याचें उत्तरही येथलेंच आहे. पूर्वीं येथें बावीस भोंकांचा फेरा होता. १७६४ सालीं चार आंखूड टप्पे जोडून त्यांचे दोन केले गेले, बेरीज अठरा झाली, आणि सेंट अँड्र्यूजचें अनुकरण पुढें जगानें केलें.

हा सार्वजनिक हक्क आम्हांस विशेष वाटण्याचें कारण उघड आहे. आपल्याकडे गोल्फ आला तो साहेबांबरोबर. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. त्यामुळें गोल्फ म्हणतांच आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें कुंपण, पहारेकरी आणि पलीकडची निषिद्ध हिरवळ हींच उभी राहतात. येथें पाहावें तों पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यांना छेदून चक्क एक सार्वजनिक रस्ता गेलेला! बाजाराची पिशवी घेतलेली आजीबाई त्यावरून निघाली, तर खेळणाऱ्यांनीं थांबावयाचें. मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर रविवारीं जुन्या मैदानावर खेळ बंद असतो, आणि त्या दिवशीं सारा गांव, मुलेंबाळें, कुत्रीं यांसह तेथें फिरावयास येतो.

आम्ही पोहोंचलों त्याच्या दुसऱ्याच दिवशीं रविवार होता. तिघेंही फिरावयास निघालों. स्विल्कन नांवाच्या ओहोळावर एक लहानसा कमानदार दगडी पूल आहे. आपल्या कोंकणांतील एखाद्या वहाळावर शोभेल एवढाच. त्यावर उभें राहून छायाचित्र काढून घेण्यासाठीं परदेशस्थ पाहुण्यांची रांग लागली होती. मैदानाची रचना मोठी मौजेची: जातांना एका बाजूनें जावयाचें, येतांना शेजारून परतावयाचें, आणि चौदा टप्प्यांसाठीं सात सामायिक हिरवळी, प्रत्येकीवर दोन भोंकें. त्या दोन भोंकांच्या क्रमांकांची बेरीज नेहमीं अठरा. दोनाची जोडी सोळाशीं, सातांची अकराशीं. हिशेबतपासणीसास ही व्यवस्था पाहून किती समाधान वाटलें असेल, याची वाचकांनींच कल्पना करावी.

अकराव्या हिरवळीपाशीं कन्येनें एक गोष्ट सांगितली. १९२१ सालीं बॉबी जोन्स नांवाचा एकोणीस वर्षांचा अमेरिकन तरुण येथें ब्रिटिश खुल्या स्पर्धेंत खेळत होता. त्याचा खेळ बिघडत गेला, या हिरवळीजवळच्या बंकरांत चेंडू अडकला, आणि संतापाच्या भरांत त्यानें डाव तेथेंच सोडून दिला. पुढें त्याला त्या वागण्याची लाज वाटली. १९२७ सालीं तो परत आला आणि तीच स्पर्धा याच मैदानावर जिंकला. १९५८ सालीं, आजारानें शरीर खचलेलें असतां, तो काठ्यांच्या आधारानें पुन्हां येथें आला, तेव्हां गांवानें त्यास आपलें नागरिकत्व बहाल केलें. तो मान त्यापूर्वीं एकाच अमेरिकनास मिळाला होता. १७५९ सालीं बेंजामिन फ्रँकलिन यांस. "याच्या खेळांत जोर दिसतच नसे, बाबा," कन्या म्हणाली. "जुन्या चित्रफिती पाहा. काठी हातांत आहे कीं नाहीं अशी धरलेली." आम्हीं मान डोलावली, मन वहींतील मुद्दा क्रमांक एकाकडे होतें. पण समुद्रावरून वारा असा सुटला कीं, बोलणें तेथेंच राहिलें.

आमच्या हातीं काठी आली ती सोमवारीं. जुन्या मैदानावर खेळण्यास आपली पात्रता दाखवावी लागते. नवशिक्यांसाठीं मात्र सरावाचें निराळें आवार आहे, तेथें टोपलीभर चेंडू घेऊन कोणीही उभें राहावें. कन्येच्या घरमालकिणीचे थोरले बंधू चाळीस वर्षें या माळावर कॅडीचें, म्हणजे खेळाडूची झोळी वाहण्याचें व त्यास सल्ला देण्याचें, काम करून निवृत्त झाले होते. पाहुणे आले आहेत असें ऐकून तेच आम्हांस तिकडे घेऊन गेले. गृहस्थ उंच, वाळकेसे, आणि बोलण्यांत फार थोडे. त्यांची बोली आम्हांस निम्मीच कळे. उरलेली कन्या कळवी.

आम्ही बालपणीं विटीदांडूंत नांव काढलेले. जमिनीवर स्वस्थ पडलेला चेंडू मारण्यांत अवघड तें काय, असें आम्हांस वाटलें. आम्हीं पाय रोवले, दांत आवळले, आणि सर्व बळ एकवटून काठी फिरविली. चेंडू जागचा हलला नाहीं. त्याच्या मागची माती मात्र उडाली. दुसऱ्या खेपेस चेंडू चार हात सरपटला. तिसऱ्या खेपेस तो उजवीकडे असा कांहीं वळला कीं, शेजारच्या खेळाडूनें चमकून पाहिलें. दहा चेंडू झाले तेव्हां आमच्या तळव्यास फोड आला होता आणि कोपर ठणकूं लागलें होतें.

वृद्धानें आम्हांस थांबविलें. "समजा, दहा म्हणजे जितकें आवळतां येईल तितकें, आणि एक म्हणजे काठी गळून पडेल इतकें. तुम्ही किती आवळली आहे?" आम्ही म्हणालों, "पांच." त्यांनीं दोन बोटांनीं आमचा पुढचा हात, मनगट आणि कोपर यांमधील भाग, चांचपून पाहिला, तो लाकडासारखा लागत होता. "नऊ," ते म्हणाले. हिशेबांत आमची चूक कोणीं काढावी हा आमच्या आयुष्यांतील विरळा प्रसंग होता.

मग त्यांनीं जें सांगितलें, त्याचें मर्म असें. बोटें मिटविणारे मोठे स्नायू बोटांत नसून मनगटाच्या वर, पुढच्या हातांत असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांकडे जातात. मूठ गच्च आवळली म्हणजे ते स्नायू ताठतात, आणि मनगट स्थिर राहावें म्हणून उलट बाजूचे स्नायूही ताठतात. दोहोंकडून ओढलेलें मनगट बिजागरीसारखें वळेनासें होतें. ताठरपणा तेथून कोपरांत, कोपरांतून खांद्यांत चढतो, आणि सारें शरीर एक ओंडका बनतें. वास्तविक चेंडूस वेग मिळतो तो काठीच्या टोकाच्या गतीनें. आणि टोकास गति येते ती मनगट ऐन वेळीं मोकळें सुटल्यानें, आसूडाचें टोक सुटतें तसें. मनगट अडलें कीं टोक मागें रेंगाळतें, त्याचा चेहरा उघडा राहतो, आणि उजव्या हातानें खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे भरकटतो. म्हणजे आम्ही जोर वाढवीत होतों असें आम्हांस वाटत होतें. प्रत्यक्षांत तो आम्ही मुठींत कोंडून ठेवीत होतों.

"मग सैल सोडावी?" आम्हीं विचारलें. "नाहीं," ते म्हणाले. येथेंच खरी ग्यानबाची मेख आहे. मूठ हलकी असावी, ढिली नव्हे. काठी तळव्यांत नव्हे तर बोटांच्या मुळाशीं धरावयाची. डाव्या हाताचीं शेवटचीं तीन बोटें आणि उजव्या हाताचीं मधलीं दोन, यांच्याकडे मुख्य काम. अंगठे व तर्जनी नुसत्या सोबतीला. ब्रिटिश खुली स्पर्धा सहा वेळां जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डननें, उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकविण्याची जी पद्धत लोकप्रिय केली, तिचाही हेतु दोन्ही हातांनीं एकमेकांशीं न भांडतां एकजीव व्हावें हाच. याच मैदानावर १९४६ सालची स्पर्धा जिंकणारे सॅम स्नीड यांच्या नांवें एक उपमा सांगतात: हातांत पांखराचें जिवंत पिल्लू आहे असें समजावें, तें उडूनही जाऊं नये आणि चिरडलेंही जाऊं नये. आमच्या वृद्ध गुरूंच्या मापानें हा आंकडा चार.

त्यांनीं अभ्यासही सांगितला. प्रथम मूठ दहापर्यंत आवळावयाची, मग एकपर्यंत सोडावयाची, मग चारावर आणून ठेवावयाची. म्हणजे हातास ओळख पटते. काठी आकाशाकडे उभी धरली तर हलकी लागते. हळूहळू आडवी केली म्हणजे टोकाचें वजन बोटांस जाणवूं लागतें. तें वजन जाणवत असेल तर मूठ ठीक आहे. जाणवेनासें झालें कीं आपण पुन्हां आवळली. मुठीचें रबर झिजून गुळगुळीत झालें असेल किंवा घामानें चिकटलें असेल, तर मनुष्य नकळत घट्ट धरतो. म्हणून तें साबणाच्या पाण्यानें धुवावें किंवा बदलावें. दांत आवळूं नयेत; जबडा आणि मूठ या सख्ख्या बहिणी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आरंभीं जो आंकडा तोच शेवटपर्यंत. बहुतेकांची मूठ सुरुवातीस हलकीच असते. काठी मागें जाऊं लागली कीं भीति वाटते, आणि ते झडप घालतात.

तरी आमच्या मनांत शंका होतीच. ऐन आघाताच्या क्षणीं तरी आवळावयास नको काय? त्याचें उत्तर आंकडेच देतात. चेंडूचें वजन जास्तींत जास्त ४५.९३ ग्रॅम, काठीचा व त्याचा स्पर्श टिकतो सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरता. तेवढ्यांत मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोहोंचतही नाहीं. चेंडूचें भवितव्य त्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. शिवाय वेगानें फिरणारी लांब काठी हातांस बाहेर ओढते. साधारण खेळाडूच्या बाबतींत ही ओढ वीस-पंचवीस किलो वजनाएवढी भरते, आणि तिला उत्तर म्हणून हात आपोआप जरूर तेवढा घट्ट होतो. त्याला सांगावें लागत नाहीं. आपलें काम एवढेंच कीं, त्याच्या आधीं घाई करावयाची नाहीं.

हें सारें ऐकून घेतल्यावर आम्हीं पुन्हां काठी उचलली. चार चेंडू फुकट गेले. पांचव्या वेळीं काय झालें कोण जाणे, हातांस कांहींच लागलें नाहीं. 'टक्' असा एक स्वच्छ, लहानसा आवाज मात्र झाला, आणि चेंडू करड्या आभाळांत चढून, क्षणभर थांबल्यासारखा दिसून, दूर हिरवळीवर जाऊन पडला. आपण कांहीं केलें असें वाटतच नव्हतें! वृद्ध हंसले. आम्हीं लगेच दुसरा चेंडू मांडला, तस्साच मारावयाचा या निश्चयानें. आणि तो पहिल्यासारखाच मातींत रुतला. "आतां तुम्हांला तो हवासा झाला," ते म्हणाले. "हवासा झाला कीं मूठ आवळते."

त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. उन्हाळ्यांत तिकडे दहा वाजेपर्यंत संधिप्रकाश असतो. खिडकींत बसून आम्हीं उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे पाहत होतों. त्यावर लेखणीचा घट्टा आहे, पन्नास वर्षांचा. शाळेंत आम्ही टाक इतका दाबीत असूं कीं, निबें मोडत आणि अक्षरें मागच्या पानावर उठत. गुरुजी रागें भरत, पण आम्हांस वाटे, दाबून लिहिलें म्हणजे पुसलें जात नाहीं. पुढें लोकलच्या गर्दींत कडी, पावसांत छत्री, कचेरींत दप्तर, घरांत किल्ल्या; सारें तसेंच धरलें. आणि माणसें? याचें उत्तर आम्हीं त्या रात्रीं पुरतें दिलें नाहीं.

मंगळवारीं आमची मंडळीही खेळावयास आली. मैदानाच्या कडेस एक लहान हिरवळ आहे. ती अशी कांहीं टेकड्या-दऱ्यांची कीं, तिचें नांवच 'हिमालय' पडलें आहे. १८६७ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्लबाची ती जागा. त्या काळीं स्त्रियांनीं काठी खांद्यावर उगारणें अशिष्ट मानीत, म्हणून चेंडू नुसता हळूच ढकलून भोंकांत घालण्याचा खेळ त्यांच्या वांट्यास आला. आणि शेजारच्या 'रॉयल अँड एन्शंट' या १७५४ सालच्या प्रतिष्ठित क्लबानें स्त्रियांस सभासदत्व देण्याचें ठरविलें तें २०१४ सालीं! ज्या मैदानावर गांवांतील कोणीही फिरावें, त्याच्याच कांठच्या इमारतींत ही मूठ अडीचशें वर्षें आवळलेली राहिली, याचें नवल वाटतें. 'हिमालया'वर मात्र थोडे पैसे देऊन आज कोणीही खेळावें. आमच्या मंडळींनीं पदर खोचला, काठी हातांत घेतली, एकदां उतार पाहिला, आणि चेंडू अलगद ढकलला. तो टेकडी चढला, वळला, आणि भोंकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. आम्ही थक्क झालों.

"अहो, यांत शिकायचं तें काय?" त्या म्हणाल्या. "लाटणं दाबून धरलं कीं पोळी पोळपाटाला चिकटते. हलक्या हातानं लाटलं म्हणजे ती आपली आपण फिरते." मग कन्येकडे वळून, "हिला हेंच तर शिकवायला दोन वर्षं लागलीं. बापाचा हात आहे." दोघी हंसल्या. अठरा भोंकांच्या फेऱ्यांत आमचा तेरा फटक्यांनीं पराभव झाला. परततांना मंडळींनीं सहज विचारलें, "ती वही तुम्ही बाहेर केव्हां काढणार आहांत?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

बुधवारीं आम्ही एकटेच कॅथीड्रलच्या आवारांत गेलों. १३१८ सालीं राजा रॉबर्ट ब्रूस याच्या उपस्थितींत प्रतिष्ठा झालेलें हें विशाल मंदिर १५५९ च्या धर्मसुधारणेच्या वादळांत लुटलें गेलें, व पुढें ओसाड पडलें. आज दोन भिंतींचे सांगाडे आणि समुद्राकडे तोंड करून असलेलीं थडगीं, एवढेंच आहे. तेथें टॉम मॉरिस नांवाच्या बापाचें आणि त्याच नांवाच्या मुलाचें चिरविश्रांतिस्थान आहे. थोरले टॉम या माळाचे पालक. काठ्या-चेंडू घडविणारे कारागीर आणि नामांकित खेळाडू. धाकट्यानें १८६८ ते १८७२ या काळांत ब्रिटिश खुली स्पर्धा ओळीनें चार वेळां जिंकली (१८७१ सालीं ती भरली नव्हती). सप्टेंबर १८७५ मध्यें बापलेक खाडीपलीकडे एका सामन्यांत एकत्र खेळत असतांना तार आली: सून प्रसूतींत अत्यवस्थ. ते समुद्रमार्गें परतले, तोंवर ती आणि बाळ दोघेंही गेलीं होतीं. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं मुलगा मरण पावला, वय चोवीस. बाप पुढें बत्तीस वर्षें जगला, १९०३ पर्यंत त्याच माळाची निगा राखीत राहिला, आणि १९०८ सालीं मुलाच्या पायथ्याशीं येऊन निजला.

मुलाच्या थडग्यावर काठी घेऊन चेंडू मारण्याच्या पवित्र्यांत उभी असलेली त्याची मूर्ति कोरली आहे. त्या दगडी हातांकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलों. ज्या बापाची मूठ काळानें अशी उघडून रिकामी केली, त्यानें पुढें रोज सकाळीं उठून गवतावर वाळू पसरली, लोकांच्या काठ्या दुरुस्त केल्या. आमची मुलगी तर जिवंत होती, सुखरूप होती, पलीकडच्या रस्त्यावर ग्रंथालयांत बसली होती. तिच्याविरुद्ध आम्हीं अकरा मुद्दे लिहून आणले होते!

त्या संध्याकाळीं पुळणीवर फिरतांना तिनेंच विषय काढला. "बाबा, तुम्हांला कांहीं बोलायचं होतं ना?" आम्हीं म्हटलें, "आधीं तूं सांग." आणि ती जवळजवळ तासभर बोलली. तिचें काम काय, त्यांत राहिलेलें काय, येथला हिवाळा किती एकाकी, राहावें अशी इच्छा किती आणि भीति किती, हें सारें तिनें सांगितलें. वर्षभर रोज रात्रीं दूरध्वनीवर आमचें बोलणें होत असे. पण यांतील एकही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. कारण आम्ही रोज विचारीत होतों तें एकच: केव्हां येणार? मागची भीति तिनें बोलून दाखविली तेव्हां, 'मग चल कीं परत,' हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले. दांत आवळले गेल्याचें आम्हांस जाणवलें. तेवढ्यानेंच ते शब्द अडले.

तिनें तें काम स्वीकारलें. आम्हीं तें आनंदानें मान्य केलें असें लिहिलें तर तें खोटें ठरेल. विमानतळावर तिच्या आईच्या डोळ्यांस पाणी आलें आणि आमच्याही. मुलांना सोडून द्यावें, असा उपदेश करण्याचा आमचा अधिकारही नाहीं व मतही नाहीं. सोडून दिलेली काठी कोणाच्या तरी डोक्यांत बसते, हें कोणीही कॅडी सांगेल. प्रश्न आहे तो आंकड्याचा. आणि आरंभीं जो आंकडा, तोच शेवटपर्यंत सांभाळण्याचा.

घरीं परतल्यावर आम्हीं गोल्फ खेळूं लागलों असें कांहीं झालेलें नाहीं. परंतु वृद्ध गुरूंनीं निरोप घेतांना एक जुना चेंडू भेट दिला होता, तो टेबलावर असतो. लिहितांना कागदामागें अक्षरें उठूं लागलीं कीं आम्ही त्याच्याकडे पाहतों. रात्रीं आतां आम्ही फोन करीत नाहीं; तोच येतो. कधीं दोन दिवस येत नाहीं, तेव्हां हात आपोआप त्या यंत्राकडे जातो, आणि मंडळी स्वयंपाकघरांतून विचारतात, "किती झाला आंकडा?" आम्ही खरें तें सांगतों. कधीं सहा, कधीं सात. चार अजून क्वचितच साधतो.